म्हातारीसाठी थांबणारा गोरिल्ला

पंचेचाळीस वर्षं मी बायकोला मागे टाकून चाललो.

भांडणबिंडण नव्हतं. डोणगावात आमच्या पिढीचे सगळेच नवरे असे चालायचे. बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात. बाई मागून.

त्यात मला शाळेतल्या कवितांचं वेड. पाचवीच्या पुस्तकातली एखादी आठवली की मी तिच्याच चालीत सुटायचो. बायको, कमल, मागे कुठच्या कुठं राहायची.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

शेवटी तिचे गुडघे गेले होते. नातीनं मोबाईलवर गोरिल्ल्यांचे व्हिडिओ लावून दिले, आणि कमल जणू त्यांच्यातच राहायला गेली.

सगळ्यांना नावं दिली तिनं. दुसरीचं पिल्लू ओढून लाड करणारी ती आत्याबाई. तोंडात पाला धरून आभाळाकडे बघत बसणारा तो कवी.

"कवी काऊन?"

"तुमच्यावानी हाय. जेवाले आवाज द्या लागते."

मला गोरिल्ला म्हणजे छाती बडवणारा राक्षस वाटायचा. पण व्हिडिओतला तो पांढऱ्या पाठीचा कळपाचा म्होरक्या, एवढं धूड! पिल्लं त्याच्या पोटावर नाचतात, कान ओढतात. तो आपला डोळे मिटून पडलेला.

एकदा तिनं हाक मारली.

"अवो, हे पाहा."

कळप चालला होता. मागे एक लंगडी म्हातारी. म्होरक्या थांबला, वळला, चक्क खाली बसला. ती पोचली, मग उठला.

कमलनं ते तीनदा लावलं.

"मी तुमाले काई म्हणून नाई राह्यली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना होता. स्टँडपर्यंत चार गल्ल्या. मी तिच्या बरोबरीनं चालू लागलो.

तर बाई लाजली! पदर सारखा करत कुजबुजली, "पुढं व्हा ना तुमी. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

पानठेल्यावरून आवाज आलाच, "काका, आज गाडी स्लो काऊन?"

तिचा पाय पडेपर्यंत थांबायचं, मग माझं पाऊल. पाय उचलताना ती ओठ चावायची. हे कधीपासून होतं?

मला माहीतच नव्हतं.

एसटी चुकली. "पाहा, तुमच्यापायी," म्हणाली, आणि बाकावर बसून कितीतरी वेळ हसत राहिली.

असं चालणं आम्हाला चारच वेळा मिळालं. पाचव्यांदा गाडी दारापाशी आणावी लागली.

कमल, मला फार उशीर झाला.

तुला नमस्कार.