लेआ या नावावरचा आळ

माझी धाकटी बहीण गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिच्या नवऱ्याच्या अजनीतल्या क्वार्टरमध्ये, भेटायला आलेल्या लोकांसमोर आमचे मोठे काका म्हणाले, "नावातच थकवा होता. पोरगी तरी काय करणार."

आमच्यात सुतकाचे सात दिवस घरच्यांनी जमिनीवर बसायचं असतं. मी भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवसांत माणूस उलट बोलत नाही हे काकांना ठाऊक होतं. लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, हो, नाव पाहून ठेवावं. मग चहा आला आणि सगळे बशीत ओतून प्यायले.

त्या वाक्याचा राग मी आजवर बाळगून आहे. सावकाश लिहायची मला सवय आहे, तेव्हा सावकाशच सांगते.

आम्ही बेने इस्रायल. कोकणातून मुंबईला आणि रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरला आलेली मराठी यहुदी माणसं. सत्तरच्या दशकात नागपुरात आमची घरं मोजकी उरली होती. काही अजनीला, काही कामठीला, एखाददुसरं अंबाझरीच्या कारखान्याकडे. बाकीचे एकेक करून इस्रायलला गेले. आमचं प्रार्थनामंदिर इथे नव्हतं, प्रार्थना चालवणारा हजान नव्हता. आमची नावं ऐकून लोकांना वाटे आम्ही ख्रिस्ती, आणि बाबांची टोपी पाहून वाटे मुसलमान. बाबा दोन्ही वेळा हसून पुढे जात.

शनिवारी शब्बाथ, म्हणून आमच्याकडे चूल पेटत नसे. शुक्रवारी केलेलं जेवून दुपारी बाबा आम्हा दोघी बहिणींना हिब्रू अक्षरं वाचायला बसवत. अक्षरांचा कंटाळा आला की नावांचे अर्थ सांगत. सारा म्हणजे राजघराण्यातली. हन्ना म्हणजे कृपा. दबोरा म्हणजे मधमाशी. तामार म्हणजे खजुराचं झाड. सिप्पोरा म्हणजे पाखरू, याएल म्हणजे डोंगरातली रानबकरी, राहेल म्हणजे मेंढी. आम्ही हसून लोळत असू, कारण काकांच्या मुलीचं नाव राहेल होतं आणि ती फार नटवी होती. बाबा म्हणत, "हसू नका. ज्यांनी ही नावं ठेवली ती मेंढपाळ माणसं होती. त्यांच्या लेखी मेंढी म्हणजे घरातली सगळ्यांत जपायची वस्तू. आपण नाही का सोनी म्हणत?"

माझ्या बहिणीचं नाव लेआ. त्याचा अर्थ सांगताना बाबा थोडे थांबत. मग सांगत, की बहुतेक जण या नावाचा अर्थ 'थकलेली' असा लावतात. काही जाणकार म्हणतात की शेजारच्या एका जुन्या भाषेत याच्या जवळचा शब्द रानगायीसाठी आहे, आणि नाव तिथून आलं असावं. खात्रीने कोणी सांगू शकत नाही. बहिणीने दोन्ही अर्थ ठेवून घेतले. भांडी घासायची वेळ आली की म्हणायची, "मी थकलेली आहे, बाबांना विचारा." आणि मी फार मागे लागले की, "रानगाय आहे हं ताई मी, शिंग मारीन." नावाचं ओझं तिने कधी वाहिलं नाही. ते आमच्या घरात एक थट्टेचं खेळणं होतं.

आई-बाबा गेल्यावर घरात मोठे म्हणून काका राहिले, तेही मुंबईला. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. बहिणीचं लग्न रेल्वेतल्या एका शांत मुलाशी झालं, इतका शांत की काका खोलीत असले की तो उभाच राहायचा. तिला मुलगी झाली तेव्हा बारशासाठी काका मुंबईहून आले. आमचं बारसंही तुमच्यासारखंच असतं. पाळणा, मराठी पाळणागीतं, उकडलेले हरभरे. हरभरे भिजत घातले होते तेव्हा बहिणीला थंडी वाजून ताप भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं. त्यांनी दारात चपला घालतानाच सांगितलं, बाळंतपणातला ताप आहे, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, इथे ठेवू नका.

काका म्हणाले, "न्यायचंच आहे. आधी नाव बदलून घेऊ."

इथे जरा समजावून सांगावं लागेल. आमच्या लोकांत जुनी रीत आहे. माणूस फार आजारी पडलं की प्रार्थना करून त्याचं नाव बदलतात. वर निवाडा झालेला असतो तो जुन्या नावावर. नाव बदललं की निवाडा ज्या माणसावर झाला ते माणूस हे नव्हेच, असं म्हणायचं. मरणाला चकवायची ही एक भाबडी युक्ती आहे आणि तिच्यावर माझा राग नाही. घाबरलेली माणसं काहीही करतात. पण ही प्रार्थना करायला दहा पुरुष लागतात, असं काकांचं म्हणणं. आणि नागपुरात दहा यहुदी पुरुष एका खोलीत जमवणं म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला कुठून कळणार.

निरोप गेले. अजनीतले आले. कामठीहून दोघं बसने आले. कारखान्यातून एकजण अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. नऊ झाले. दहावा मालगाडीचा गार्ड होता आणि त्याची गाडी काटोलला अडकून पडली होती. स्टेशनातून चौकशी करून बहिणीचा नवरा दर वेळी सांगे, निघेल आता. नऊ माणसं बाहेरच्या खोलीत बसून राहिली. आत बहीण तापाने फणफणत होती आणि मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते.

मी बाहेर जाऊन काकांना म्हटलं, "जीव वाचवायला शब्बाथसुद्धा मोडावा, असं आपलाच धर्म सांगतो. मग प्रार्थनेसाठी दवाखाना कसा थांबवता? तिला नेऊ. तुम्ही इथे प्रार्थना करा."

"तू शाळेत मुलींना शिकव," काका म्हणाले.

त्या नऊंतल्या अर्ध्यांना हिब्रू धड वाचताही येत नव्हती. मला येत होती. पण बाई दहांत धरत नाहीत, आणि मी तिथे दिवसभर उभी असले तरी नऊचे दहा झाले नसते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दुपारी ते पहिल्यांदा अंगाला लागलं.

शेजारच्या मावशी दोनदा डोकावून गेल्या होत्या. त्यांच्या घराने छप्पन्न साली दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेला. तिसऱ्यांदा त्या सरळ बाहेरच्या खोलीत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून बसून राहिले तुमी सारे? रिक्षा आनू का?"

"नाव बदलायचं आहे तिचं. एक माणूस यायचा आहे," कोणीतरी सांगितलं.

"नाव आमच्या घरी बी बदललं ना. माह्या सासूचं नाव कचराबाई होतं. दीक्षा घेतल्यावर तिनं सोता नवं ठेवलं. कोनी कचरा म्हनून हाक मारू नये म्हनून ठेवलं. तापासाठी नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तापाले का वाचता येते वं, बाई? उचल तिले. मी धरतो पायाकडून."

काकांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "बाई, हा आमचा घरचा मामला आहे."

"मग घरच्या पोरीले पाहा," मावशी म्हणाल्या आणि गेल्या. त्या रिक्षा घेऊनच आल्या. रिक्षावाला फाटकाशी उभा राहिला. बहिणीचा नवरा एकदा त्याच्याकडे आणि एकदा काकांकडे बघत राहिला. त्याच्याकडून यापलीकडे काही झालं नाही. मी एकटीने तिला उचलायचा प्रयत्न केला, ती माझ्या हातून घसरली, आणि आतून तिच्या सासूने ओरडून आम्हा दोघींना परत खाली बसवलं.

संध्याकाळी गार्ड आला, घामेजलेला, हातात हिरवा-लाल झेंडा तसाच. बिचाऱ्याला कशासाठी बोलावलंय हेही नीट माहीत नव्हतं. दहा माणसं तिच्या खाटेभोवती उभी राहिली. काकांनी प्रार्थना म्हटली आणि तिचं नाव हाया ठेवलं. हाया म्हणजे जिवंत, जगणारी. बहिणीने डोळे उघडले, एवढे पुरुष पाहून डोक्यावर पदर ओढायला लागली आणि मला म्हणाली, "ताई, कोणाचं बारसं चाललंय?"

मग तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, काल सकाळी का नाही आणलं. डॉक्टरबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत, त्यांच्यापुढे दुसरी खाट होती.

दफनाच्या वेळी काकांनी प्रार्थनेत हाया हेच नाव घेतलं. मी बायकांच्यात मागे उभी होते. क्षणभर मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या मातीला आलो आहोत. ज्या नावाने तिला मी हाक मारली, शाळेच्या पटावर ज्या नावाला ती हजर म्हणाली, ते नाव तिच्यावरून काढून घेतलं होतं. ज्या नावाने पुरता एक दिवस काढला नाही ते तिच्यावर घातलं होतं. आणि मग सुतकात ते वाक्य, नावातच थकवा होता. म्हणजे दिवसभर थांबलेली माणसं निर्दोष, मालगाडी निर्दोष, रीत निर्दोष. दोषी कोण, तर हिब्रूत तीन अक्षरांचं एक नाव, ज्याला उलटून बोलता येत नाही.

बाळाचं नाव नंतर बहिणीच्या नवऱ्याने गाजावाजा न करता ठेवलं. मी विचारलं नाही, त्याने लगेच सांगितलंही नाही.

वर्ष भरत आल्यावर कबरीवर दगड बसवायचा असतो. त्यासाठी काका पुन्हा आले. दगड घडवणाऱ्याचं दुकान रस्त्याला लागून होतं. आमची अक्षरं त्याला येत नव्हती. त्याचं म्हणणं, तुम्ही खडूने काढून द्या, मी त्यावरून छिन्नी चालवतो. काकांचा हात म्हातारपणाने थरथरत होता. बहिणीच्या नवऱ्याला अक्षरं येत नव्हती. म्हणून मला नेलं.

मी दगडाशी उकिडवी बसले आणि उजवीकडून डावीकडे तीन अक्षरं काढली. लामेद, आलेफ, हे. लेआ.

काकांनी वाकून वाचलं. "हे नाही. नवं नाव लिही."

"नवं नाव आजारी माणूस उठला तर त्याचं होतं," मी म्हटलं. "उठला नाही तर जुन्याच नावाने त्याच्यासाठी प्रार्थना करतात. बाबांनी सांगितलंय. तुम्हालाही माहीत आहे."

"त्या नावानं तिला नेलं. ते दगडावर नको. तिच्या पोरीनं पुढे येऊन काय वाचायचं, थकलेली?"

दगडवाला छिन्नी हातात घेऊन दोघांकडे बघत होता. "बाईजी, एकच नाव ठरवा. एकदा कोरलं का मंग मले मिटवता येत नाही."

मी उठले. मोठ्यांशी मोठ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही. "काका, आपल्या पोथीतल्या जुन्या कथेत लेआ सहा मुलगे आणि एक मुलगी वाढवून, म्हातारी होऊन मेली आणि घराण्याच्या दफनाच्या गुहेत नवऱ्याजवळ तिला जागा मिळाली. बाळंतपणात वाटेवर मेली ती तिची बहीण. तिचं नाव राहेल. तुम्ही आपल्या मुलीचं ठेवलंत तेच. गेल्या वर्षी ती बाळंत झाली तेव्हा तिचं नाव बदललंत का? की तिला सरळ दवाखान्यात नेलं?"

काकांच्या मुलीला सरळ दवाखान्यात नेलं होतं. मुंबईत दवाखाना जवळ असतो आणि दहा माणसंही जवळ असतात, म्हणून तिथे कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही. त्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला आणि मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

बहिणीचा नवरा इतका वेळ रस्त्याकडे बघत उभा होता. तो दगडवाल्याला म्हणाला, "बाईंनी काढलंय तेच कोरा." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं ठाम वाक्य हेच. ते एक वर्ष उशिरा आलं, एवढंच मी त्याच्याविषयी म्हणेन.

दगड बसला त्या सकाळी कबरीपाशी पुन्हा दहा पुरुष लागत होते. या वेळी सगळे वेळेच्या आधी आले. गार्डने तर रजा घेतली होती. धुतलेले सदरे, खिशात टोप्या, एकमेकांची विचारपूस. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

काकांनी प्रार्थना सुरू केली. नावाची जागा आली तिथे त्यांनी दगडावरचं नाव घेतलं, पण इतकं पुटपुटत की पुढच्या शब्दात ते विरून गेलं. माणसांनी आमेन म्हणायला तोंडं उघडली.

"काका, ऐकू आलं नाही," मी मागून म्हटलं.

बायकांनी प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं. दहाही जण वळून माझ्याकडे बघायला लागले. काका थांबले. त्यांनी पान खाली धरलं, घसा साफ केला आणि ती ओळ पहिल्यापासून घेतली. लेआ, आणि तिच्यापुढे माझ्या बाबांचं नाव, अमक्याची मुलगी म्हणून, दोन्ही स्पष्ट. मग आमेन झालं.