आत्यांनी रिकामी ठेवलेली ओळ

माझ्या सासूबाईंनी अवयवदानाचा फॉर्म कधी भरलाच नाही.

तरी त्यांच्या दोन्ही किडन्या आज कुणाकुणाच्या पोटात मजेत काम करतायत.

आज वर्ष झालं आत्यांना जाऊन. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

शेवगावजवळची आमची वस्ती. ओढ्यातला गाळ काढायचा होता, तेव्हा आत्यांनी दूध डेअरीच्या फळ्यावर लिहिलं, "ज्याला यायचं त्यानं नाव लिहा."

तीन नावं आली. एक आत्यांचं, एक अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. तिसरं कुणीतरी चेष्टेनं म्हशीचं लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वस्तीवरच्या प्रत्येक घराचं नाव फळ्यावर लिहून टाकलं. खाली एक ओळ :
"न जमणाऱ्यानं आपल्या हातानं पुसावं. कोणी कारण विचारणार नाही."

सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सगळे त्याच फळ्यासमोर. पुसलं फक्त दोघांनी.

रविवारी ओढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती!

"काय जादू केली हो आत्या?"

"कसली जादू! लोकं वाईट न्हाईत गं. निस्ता हात उचलायचा कंटाळा. मंग त्यो कंटाळाच कामाला लावला."

आणि त्या दोघांना कुणी टोमणा मारला की खैर नसायची. "गप रे. पुसायची मोकळीक दिली हुती ना? पुसलं त्यानं. झालं."

पुढं आरोग्य केंद्रात अवयवदानाचं शिबिर झालं. आत्या घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं आम्हा पाच जणांची नावं लिहिली. वर "अवयवदान". खाली तीच ओळ.

मी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी. मला भीतीच वाटली. पदरानं माझं नाव पुसलं.

आत्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "चहा ठेव."

बस्. एवढंच.

दर दिवाळीला दार धुतलं की नावं पुन्हा लिहायच्या. माझ्या जागी एक ओळ रिकामी सोडून.

मला त्या ओळीचा राग यायचा. अहो, बोला ना काहीतरी, भांडा तरी!

गेल्या वर्षी गोठ्यात धार काढता काढता आत्या कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. पुण्याला नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ब्रेन डेड. हृदय मशीनवर चाललेलं, आत्या गेलेल्या.

मग त्यांनी हळूच विचारलं, "अवयवदानाचा काही फॉर्म भरला होता का त्यांनी?"

फॉर्म कुठला! अख्ख्या वस्तीचा कंटाळा ओळखणाऱ्या बाईला स्वतःचा फॉर्म भरायचा कंटाळा. दारावर लिहिलंय ना, झालं!

पण कायद्याला दार चालत नाही. घरच्यांची सही लागते. आणि वेळ थोडा होता.

अण्णा फरशीकडे बघत बसलेले. नवरा खिडकीकडे. दीर मोबाईलकडे. नको कुणीच म्हणेना. हो म्हणायलाही कुणाचं तोंड उघडेना.

शेवटी बोललं कोण? नाव पुसलेली मी.

"अण्णा, आत्यांनी दर दिवाळीला स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. एकदाही पुसलं नाही. तरी तुम्हाला नको असेल तर सांगा. मी कारण विचारणार नाही."

अण्णांनी डोळे पुसले.

"पेन द्या. तिचं व्हयच हाय."

दोन किडन्या, लिव्हर, डोळे.

आत्यांना ऑपरेशनला नेलं तेव्हा हॉस्पिटलचा स्टाफ दोन्ही बाजूंनी हात जोडून उभा होता. चौथी शिकलेली माझी सासू! रडत होते मी, पण ताठ मानेनं.

दिवाळी नसली तरी आज सकाळी दार धुतलं. यंदा नावं मी लिहिली. आत्यांच्या नावापुढं लिहिलं, "दिलं."

मग त्यांच्याच खडूनं माझं नाव लिहिलं. फॉर्मही भरला, हो! दाराच्या भरवशावर नाही राहिले.

आत्या, तुमची ओळ भरली.

फोटोपुढं चहा ठेवलाय.