सोळा, पुढेमागे दीड वर्ष

तारीख चौदा ऑक्टोबर, वार मंगळवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम सातशे रुपये, येणे. हजर एक महिला पोलीस शिपाई, एक मुलगी, तिची आई आणि मी. सातशे रुपये कोण देणार ते पत्रात लिहिले नव्हते. पत्र बालकल्याण समितीचे होते. मुलीच्या वयाबद्दल वैद्यकीय मत हवे आहे, त्यासाठी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढून द्यावा, एवढेच त्यात होते.

सावेडीत एका गाळ्यात माझे एक्स-रेचे मशीन आहे. ते तोंडाभोवती अर्धा फेरा घेते आणि दोन्ही जबड्यांतले सगळे दात एका फोटोत येतात. जे दात अजून हिरडीच्या आत आहेत तेही येतात. बहुतेक गिऱ्हाईक दातांना तार लावायची किंवा अक्कलदाढ काढायची म्हणून येते. वयासाठी वर्षाला फार तर पाच-सहा जण येतात. कबड्डीच्या संघातली मुले येतात, चोरीत सापडलेली येतात आणि अशा मुली येतात. फोटो मी काढतो. वय शेजारच्या गाळ्यातल्या दातांच्या डॉक्टर बाई सांगतात, आणि सहीही त्यांचीच असते.

शिपाईबाईंनी मुलीला खुर्चीत बसवले आणि मला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितले. मुलगी जामखेडच्या बाजूची, खर्ड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. जूनमध्ये तिचे लग्न झाले. आता ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली, तर ही ट्रॅक्टरवर चढायला तयार नाही. मला शाळेत जायचे आहे, असे तिने फोन करून मुलांच्या हेल्पलाइनला कळवले. तेव्हापासून ती इथल्या मुलींच्या निवासात आहे.

"आता खरी गंमत ऐका," शिपाईबाई म्हणाल्या. त्या गंमत म्हणाल्या तरी हसल्या नाहीत. "तोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीवर मिळते. एक लाख दहा हजार ठरलेत. निम्मे सासऱ्याने घेतले आणि खर्चलेही. बाकीचे निम्मे मुकादम पोरगी परत आल्यावर देणार. अठराच्या आत निघाली तर ती निवासात राहील आणि लग्न लावणाऱ्यांवर गुन्हा होईल. अठराच्या वर निघाली तर संपलं."

"शाळेचा दाखला?"

"मागवलाय. हेडमास्तर रजेवर आहेत. पोरगी म्हणते, दाखल्यावरचं वय खोटं आहे. म्हणून तर तुमच्याकडे."

मी मुलीला कानातले, नाकातले, गळ्यातले काढायला सांगितले. धातू मध्ये आला की फोटोवर पांढरा डाग पडतो आणि नेमकी मागची दाढ झाकली जाते.

"कानातलं काढती," आई म्हणाली. "गळ्यातलं न्हाई निघायचं. नवरा जित्ता हाय तिचा, डाक्टर."

"मी डॉक्टर नाही, मावशी. फोटो काढणारा."

"मंग डाक्टर नसताना कसं काढू?"

हा प्रश्न नेहमीचा आहे. त्यासाठी मी खणात काळ्या दोऱ्याचे एक रीळ ठेवतो. आधी मनगटाला दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र काढायचे, म्हणजे बाई क्षणभरही तशी राहत नाही. बायकांना हे पटते. या आईलाही पटले. ती दोरा तोडत होती, तेवढ्यात मुलीने मंगळसूत्र डोक्यावरून काढून तिच्या मांडीवर टाकलेसुद्धा.

"अगं, दोरा तर बांधू दी!"

"बांध तुझ्याच हाताला."

"बघितलं का बाई? ही अशी जीभ हाय. सासू काय उगं बोलती व्हय हिला?"

पुढचा प्रश्न मी शिपाईबाईंमार्फत विचारतो. एक्स-रेच्या आधी तो विचारावाच लागतो: गरोदर आहे का.

मुलीने उत्तर मलाच दिले. "न्हाई. आता न्हाई."

आईने मान खाली घातली. तरी मी शिशाचा कोट तिच्या अंगावर चढवला. नेहमीपेक्षा जरा जास्त खाली ओढला, एवढेच.

मशीन फिरून थांबले. तिने दातांत धरायला दिलेली कांडी काढली.

"ह्यात वय दिसतं?"

"अंदाज दिसतो."

"अंदाज नगं. मला ठाव हाय. सोळा. तुमी फकस्त नीट काढा."

ती चूळ भरायला बेसिनकडे गेली आणि आई आपणहून बोलायला लागली. थोरली मुलगी सरकारी दवाखान्यात झाली. त्यानंतर दोन वर्षांनी ही झाली, ती साताऱ्याकडच्या कारखान्यावर, कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत. हिची नोंद कोण करणार? पुढे थोरलीचे शाळेचे वय झाले, तर ती धाकटीला सोडून वर्गात बसेना. आईबापाला तोडीला जायचे होते. मागे आजी एकटी. दोघी शाळेत असल्या तर दोघींना दुपारची खिचडी मिळेल, म्हणून दोघींची नावे एकाच दिवशी पहिलीत घातली.

"गुरुजी म्हणले, येकाच वर्गात बसवायच्या तर तारीखबी येकच लिवतो. एक जून."

आमच्या जिल्ह्यात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा आहे. माझ्या थोरल्या भावाचाही आहे, आणि तो संक्रांतीला जन्मला. गुरुजींनी लिहायचे आणि आपण जन्मभर तेच सांगायचे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण वर्षही तेच?

"म्हणजे कागदावर दोघी जुळ्या?" मी विचारले.

"कागदावर जुळ्याच की. पन साहेब, आमी कायदा मोडला न्हाई. एक जून उलटू दिला, हिला कागदावर अठरा भरली, मंग सात तारखेला लगीन लावलं."

हे ती अभिमानाने सांगत होती. दिवस मोजून, वाट बघून, नीट नियमात बसवून केलेले काम होते ते. आपणच दिलेल्या तारखेवर तिचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

"मावशी, थोरलीचा दवाखान्यातला जन्मदाखला निघेल. आणि तुम्ही आत्ता सांगितलंत तेच समितीपुढे सांगा."

"सांगीन की. खरं हाय त्ये सांगाया काय भ्या हाय?"

दुपारी डॉक्टर बाईंनी फोटो पडद्यावर लावला. अक्कलदाढेच्या अलीकडच्या, सातव्या दाताच्या मुळांची टोके नुकती मिटली होती, म्हणजे मुलगी पंधराच्या आतली नाही. अक्कलदाढा चारही आतच होत्या. त्यांची मुळे निम्मी झाली होती आणि टोके सताड उघडी होती. बाईंनी एकेक मूळ मोजले, तक्त्याशी ताडून पाहिले आणि लिहिले: अंदाजे सोळा वर्षे, पुढेमागे दीड वर्ष.

"म्हणजे वरची हद्द साडेसतरा," मी म्हणालो.

"हद्द नाही. बहुतेक जणी त्यात बसतात, एवढंच. एखादी बाहेर असू शकते. मी शपथेवर अठराच्या खालीच असं म्हणणार नाही. शक्यता फार कमी, असं म्हणेन."

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी माझ्याच मुलीचा जुना फोटो काढून शेजारी लावला. तार लावायच्या वेळी काढलेला, ती सोळा वर्षे दोन महिन्यांची असतानाचा. मुळे जवळपास सारखी होती. यावरून काही सिद्ध होत नाही. दोन मुलींच्या दाढा सारख्या असल्या म्हणून वये सारखी असतात असे नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी दोन्ही फोटो बराच वेळ बघत राहिलो. घरी गेल्यावर मुलीने विचारले, "बाबा, चेहरा असा का?" मी म्हटले, डोके दुखते आहे.

समितीने मला दिवाळीनंतरच्या आठवड्यात बोलावले. फोटो दुसऱ्याच मुलीचा असेल अशी शंका सासऱ्याने काढली होती. मी नोंदीचा क्रमांक, मुलीचा अंगठा आणि शिपाईबाईंची सही दाखवली. ते मान्य झाले.

मग सासऱ्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळेचा दाखला काढला. हेडमास्तर रजेवरून आले होते. थोरलीचा जन्मदाखला मात्र कोणी काढला नव्हता.

समितीच्या अध्यक्षबाईंनी तो दोनदा वाचला. "एक जून. लग्नाच्या दिवशी अठरा वर्षं आणि सहा दिवस." त्यांनी डॉक्टर बाईंचा अहवालही पुढे ओढला आणि तसाच ठेवला. "दाखला नसता तर दातांकडे जावं लागलं असतं. कायद्यात आधी दाखला, मग वैद्यकीय मत."

मी उभा राहिलो. "बाई, हा दाखला चुकीचा आहे. थोरल्या बहिणीचीही हीच तारीख आहे. यांच्या आईने मला सांगितलं—"

"तुम्हाला फोटोबद्दल बोलावलंय. आई हजर आहे, तिलाच विचारू." त्या आईकडे वळल्या. "दोन्ही मुलींची जन्मतारीख एकच कशी?"

आई सासऱ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. दाराबाहेर मुकादम उभा होता. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा कोयताही त्याच मुकादमाच्या टोळीत होता, हे मला शिपाईबाईंनी नंतर सांगितले.

"कागदावर हाय त्येच खरं," आई म्हणाली.

मुलगी तिच्या शेजारच्याच खुर्चीत होती. ती मोठ्याने बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू आले.

"आये, ताई अन् मी जुळ्या हाय व्हय?"

अध्यक्षबाईंनी तोच प्रश्न आईला पुन्हा विचारला. आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "जुळ्याच म्हना."

त्यानंतर विचारण्यासारखे काही राहिले नाही. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. त्यांचा आवाज उतरला होता. त्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, या कागदानुसार तू सज्ञान आहेस. तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. महिलांच्या आधारगृहात जायचं असेल तर मी चिठ्ठी देते. तुला कुठं जायचं ते तूच सांग."

"मी न्हाई सज्ञान," मुलगी म्हणाली. "मंग मी काय सांगू?"

"सांग गं, बोल," शिपाईबाई मागून म्हणाल्या. "आधारगृह म्हण. मी येते सोबत."

मुलगी बोलली नाही. शेवटी आईने तिचे कोपर धरले आणि उठवले. ती उठली. कागदावर लिहिले गेले: स्वेच्छेने आईसोबत.

मी खाली उतरलो तर फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी जीप उभी होती. पुढे विशीतला एक मुलगा मोबाईल बघत बसला होता, तो नवरा असावा. मुलगी मागच्या सीटवर होती. तिचे तोंड पलीकडच्या काचेकडे होते, मला दिसले नाही. आई जीपला पाठ लावून रस्त्यावर उभी होती. माझ्याकडे बघून तिने हात जोडले. का जोडले, ते मी विचारले नाही आणि मीही जोडले नाहीत.

"उद्या पाचला गाडी सुटंल," मुकादम सासऱ्याला सांगत होता. "आता नाटकं नकोत."

"न्हाई हो. आता कशाची नाटकं?"

त्यानंतर काय दिले-घेतले गेले ते असे. समितीच्या खात्यातून माझे सातशे फेब्रुवारीत जमा झाले; डॉक्टर बाईंनी अहवालाचे काही घेतले नाही. एका कोयत्याच्या उचलीचे अडवून धरलेले पंचावन्न हजार त्याच दुपारी टपरीवर, माझ्यासमोर दिले गेले. मुकादमाने दिले, रोख, मुलीच्या सासऱ्याला.