मागच्या सीटवर बसून पाहिलेली गाडी

माझ्या सासूबाईंचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. काही वर्षांपूर्वी त्या अंगणात घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडही जुळलं, पण गुडघा सरळ राहिला तो राहिलाच. घरात त्या काठी घेऊन हिंडतात, लांब जायचं तर चाकाची खुर्ची लागते. आमच्या छोट्या कारमध्ये तो सरळ पाय मावायचा नाही. त्यामुळे आम्ही कुठे निघालो की त्या म्हणायच्या, "तुमी जा. मी हाओ घरी."

मी तिरोड्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, नवरा राईस मिलमध्ये फिटर आहे. सुट्टी लागली की आम्ही दोघं आणि आमची मुलगी गाडी काढून निघतो. पचमढी झालं, चिखलदरा झालं. परत आलो की मुलगी आजीला मोबाईलवर फोटो दाखवायची. सासूबाई फोटो बघायच्या आणि दरवेळी एकच विचारायच्या, "हे तं झालं. पण रस्त्यात का का दिसलं?"

रस्त्याचे फोटो कोणी काढलेलेच नसायचे. एकदा त्यांनी असं विचारलं आणि मला सांगण्यासारखं काहीच आठवेना. त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, आपण गाडी बदलूया. आईंचा पाय मावेल अशी बघूया.

मोठी सात जणांची गाडी मी धरून चालले होते. नवरा म्हणाला, "तिच्यात खुर्ची ठेवली की मागची सीट गेली. त्यापेक्षा पिकअप पाहू, डबल केबिनची. खुर्ची, गाद्या, शेगडी, सगळं मागच्या हौद्यात. आतल्या सीटा मोकळ्या." मला तोवर पिकअप म्हणजे धानाचे कट्टे, म्हणजे पोती, नेणारी गाडी एवढंच माहीत होतं. तिच्यात मागं दुसरी सीट असते, चार दरवाजे असतात, हे मी त्यानंतर रस्त्यावर बघायला लागले.

पहिल्यांदा आम्ही गोंदियाला शोरूममध्ये गेलो, आईंना घेऊन. तिथल्या सेल्समनने मला थेट स्टिअरिंगमागं बसवायला घेतलं. "मॅडम, आप आगे बैठिए, मज़ा देखिए."

मी म्हटलं, "मुझे पीछे बैठना है."

"पीछे भी फुल स्पेस है, मॅडम."

"आप कभी पीछे बैठके कहीं गए हो?"

त्याने मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, "सच बोलूं तो नहीं."

मला तो माणूस आवडला, पण उत्तर मिळालं नाही. आईंना पुढच्या सीटवर बसवायचा प्रयत्न केला. सीट पूर्ण मागं सरकवली, तरी सरळ पाय दारातून आत वळेना, टाच दाराच्या खांबाला अडायची. दोनदा करून पाहिल्यावर आई म्हणाल्या, "राहू दे बापा, पाय तोडून न्या लागन." आणि खाली उतरल्या.

घरी येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. गाडी विकणारा, गाडीची जाहिरात करणारा, गाडी घेतलेला पुरुष, सगळे पुढच्या सीटबद्दल बोलतात. मागं बसणारे कोण असतात, आणि त्यांना कोणी विचारतं का? मग मी विचारायलाच लागले. पेट्रोलपंपावर कोणाची डबल केबिन दिसली की मागच्या काचेशी जाऊन विचारायचं, "कसं वाटतं मागं?" बहुतेक लोक आधी चमकायचे. नागझिरा अभयारण्याच्या गेटवर एका गाईडला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, मी तं उघड्या गाडीत उभाच रायतो. मले बसाचं का विचारता?" नवरा तोंड फिरवून हसत होता.

नवी घ्यायचा विचार मागं पडला तो यामुळेच. मला वापरलेली गाडी हवी होती, आणि तिच्यात बसलेलं माणूस भेटायला हवं होतं.

डिसेंबरात कळलं की दवनीवाड्याला एक शेतकरी आपली डबल केबिन पिकअप विकतोय. मुलं शिकायला बाहेर गेलेली, एवढी मोठी गाडी दारात उभी राहते, म्हणून. एका रविवारी आम्ही तिघं गेलो. मुलीची शिकवणी होती, ती आली नाही.

अंगणात धानाची मळणी चालू होती. शेतकरी डोक्याला गमछा बांधून मशीनजवळ उभा. त्याची बायको घरातून पाणी घेऊन आली. त्या दोघांचं आपसातलं बोलणं पोवारीत, आमच्याशी झाडीबोलीत. माझ्या नवऱ्याने बोनेट उघडून घेतलं आणि तो त्यात बुडाला. मी मागचं दार उघडलं.

पायरी उंच होती. आई काठी टेकून उभ्या राहिल्या, सीटकडे बघत. ती बाई माझ्या शेजारी आली. "आजीले चढाचं हाये का?" तिने विचारलं. मी पायाचं सांगितलं. तिने एका मजुराला हाक मारली आणि धानाचा भरलेला कट्टा दाराशी आडवा टाकायला लावला. मग म्हणाली, "आजी, तोंड भाईर करा. पाठ आत."

आई कट्ट्यावर चढल्या, पाठमोऱ्या सीटच्या कडेवर टेकल्या, आणि हातांनी रेटा देत मागं सरकल्या. पाय त्यांच्यामागून सीटवर आला. सरळच्या सरळ. पाठ पलीकडच्या दाराला, पाय सीटभर, जसं काही खाटेवर बसल्या आहेत. इतके दिवस आम्ही त्यांना समोरून आत घालायला बघत होतो.

"बसली व मी," आई म्हणाल्या. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

शेतकरी म्हणाला, "एक चक्कर मारून या. मले मशीन सोडता येत नाई. हिले घेऊन जा संगं, रस्ता सांगन."

ती सवयीने मागच्या दाराकडे वळली. मी म्हटलं, "ताई, तुम्ही समोर बसा. मला मागंच बसून पाहायचं आहे." आईंनी पाय थोडा उचलला आणि मी त्यांच्या पायांशी उरलेल्या जागेत बसले. ती पुढे चढली, पदर नीट केला, पट्टा कुठे लावायचा ते माझ्या नवऱ्याला विचारलं. गाडी गावाबाहेर आल्यावर म्हणाली, "माह्या घरची गाडी हाये, पर समोर बसाले आजच भेटलं."

"काऊन?" आईंनी मागून विचारलं.

"समोर मालक, बाजूले कदी सासरा, कदी पाव्हना. मी अन् लेकरं मांगं."

मग तिला सगळंच जाणून घ्यायचं होतं. हे बटण कायले? हा काटा काय सांगतो? नवरा मिलमध्ये नवीन माणसाला सांगावं तसं शांतपणे सांगत होता. आम्ही तिरोड्यावरून बोदलकशाच्या रस्त्याला लागलो, तिथं जंगल सुरू होतं, वळणं येतात. मी मागून विचारलं, "खरं सांगा, मागं कसं वाटतं?"

ती मान वळवून म्हणाली, "नागपूरवरी काई नाई. त्याच्या पुढं पाठ दुखते. सीट सरळ हाये ना, भिताडाले टेकल्यावानी. अन् एसीची हवा मांगं येतच नाई. माह्या पोरीले उलट्या होत. काच अर्धी उघडी ठेवाची, मग बरं."

इतक्या दिवसांत मला हवं होतं ते उत्तर हे होतं. मी सीटला पाठ टेकवून बघितली. अगदी तसंच होतं, भिंतीसारखं.

बोदलकशाच्या तलावावर आम्ही गाडी थांबवली. आई उतरल्या नाहीत, पुन्हा चढायला कट्टा नव्हता. नवऱ्याने दार उघडून दिलं आणि त्या तशाच पाय पसरून पाण्याकडे बघत राहिल्या. काठावर ढीवर जाळं आवरत होते. आईंनी गाडीतूनच त्यांना विचारलं, मासा कोणता, केवढा भेटला. त्यातला एक जण टोपली घेऊन दाराशी आला आणि दाखवून गेला.

परत येताना, गाव जवळ आल्यावर, ती बाई हळू आवाजात म्हणाली, "एक सांगून ठेवते. डाव्या अंगच्या मांगच्या दारातून पानी येते पावसात. रबर गेलं."

मला वाटलं, हे आम्ही तिच्या नवऱ्याला विचारलं तर तिला ऐकून घ्यावं लागेल. पण माझ्या नवऱ्याने अंगणात उतरताच विचारलं, फिटर तो. शेतकऱ्याने आधी दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती आईंना उतरवायला कट्टा सरळ करत होती.

"येते पानी," तो म्हणाला. "मी सांगनारच होतो." थोड्या वेळाने गमछ्याने तोंड पुसत म्हणाला, "तिलेच ठाऊक रायते मांगचं."

तो चिडला नव्हता. जरा विचारात पडल्यासारखा दिसला. आम्ही गाडी घेतली.

नवऱ्याने दाराचं रबर बदललं. मी गोंदियाहून फोम आणून पाठीसाठी उतरती गादी शिवून घेतली. सुताराकडून दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल करून घेतलं, ते हौद्यात खुर्चीशेजारी बांधतो.

जानेवारीत चार दिवसांची रजा काढून आम्ही सांचीला गेलो. आईंना ते फार वर्षांपासून बघायचं होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या कधी. मला नवऱ्याकडून कळलं. पाय सीटवर असल्याने त्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता, बाजूच्या काचेतून सगळं दिसत होतं. शिवनीच्या पुढे त्यांनी संत्र्याच्या बागा पाहिल्या, उसाची गुऱ्हाळं पाहिली. एकदा त्यांनी नवऱ्याला गाडी मागं घ्यायला लावली, कारण एका घराच्या छपरावर पांढरा मोर बसल्यासारखा वाटला होता. ते प्लॅस्टिक होतं. मुलगी हसली, त्याही हसल्या.

टेकडीवर खुर्ची ढकलत आम्ही मोठ्या स्तूपाशी पोचलो. आईंनी हात जोडले. मग मान वर करून त्यांनी मुलीला विचारलं, "एवढे गोटे वर कायनं आनले असन?"

मुलीने फलक वाचला. त्यात ते नव्हतं. तिथल्या रखवालदाराला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बैलगाड़ी से लाए होंगे, अम्मा." आईंना ते पटलं नाही. चढ किती आहे हे त्यांनी आत्ताच पाहिलं होतं. खाली उतरताना त्यांनी खुर्ची दोन जागी थांबवायला लावली आणि उताराकडे बघत मुलीशी त्याच गोष्टीवर बोलत राहिल्या.