पोवळ्याला तांब्याचं पाणी

नळाला पाणी कधी येईल याचा जालन्यात भरवसा नव्हता, आणि मी घरात काचेच्या टाकीत खारं पाणी भरून ठेवलेलं. लोक मला येडी समजायचे. समजेनात का! दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पुस्तकातलं पोवळं एकदा जितं बघायचं होतं, बस. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात, मांडीवर धरून आणलं. शेजारीण म्हणाली, पोवळं अंगठीत घालतात, तुम्ही मंगळ बुडवून ठेवलाय का?

माझे वडील, अण्णा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जाफराबादहून आल्ते ते माझ्याकडंच राहिले. टाकीपुढं उभं राहून म्हणाले, दगडाला पाणी घालून राह्यली का? मी झिंग्याचा एक कण चिमट्यानं आत सोडला. दगडावर हिरव्या बटणांसारखी तोंडं होती. एकाच्या कडेच्या मिशा हलल्या, कण धरला, आत ओढला आणि तोंड मिटलं. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"जित्राब हाय की गं हे!"

तेव्हापासून त्यांची खुर्ची टाकीपुढं. झाड म्हणावं तर खातंय, जनावर म्हणावं तर जागचं हलत न्हाई. आख्खी हयात शेतात गेलेला माणूस तोंडात बोट घालून बसायचा. मीही पगार घेऊन हेच शिकवत होते, तरी त्यांच्याशेजारी बसले की माझाही चहा गार व्हायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी कॉलेजात असताना लाईट गेली. पंप बंद पडला की आतल्यांचा जीव गुदमरतो, टाकीतलंच पाणी काढून वरून ओतत राहायचं, हे मीच अण्णांना सांगून ठेवलेलं. मी परतले तेव्हा ते घामानं निथळत ओतत होते. हातात त्यांचा पाणी प्यायचा तांब्या, तोही तांब्याचा. एवढ्या नाजूक जिवाला स्वच्छ भांडं हवं म्हणून मुद्दाम चिंचेनं घासून लख्ख केलेला.

माणसाला तांबं गुणकारी. पण खाऱ्या पाण्यात ते उतरतं आणि पोवळ्याला विष होतं. माझा तोल गेला.

"अण्णा, विष घातलंत तुम्ही त्याला!"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि खुर्चीत बसले.

घरात तयार होतं तेवढं खारं पाणी मी बदललं, पाणी गाळायला कोळसा लावला. तोपर्यंत सगळी तोंडं मिटलेली, दगडावर बुळबुळीत चिकटा आलेला. ताट वाढलं तर अण्णांनी दोन घास खाऊन बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तेही न्हाई. भूक न्हाई म्हणाले. पोवळं दुसरं आणता आलं असतं, पण हे मेलं तर अण्णांच्या जिवाला ते कायमचं लागणार, याची मला खरी धास्ती होती. माझ्याच रागावर आता मला रडू यायला लागलं.

मंग एका सकाळी त्यांनी हाक मारली. कडेचं एक तोंड उघडत होतं, अगदी सावकाश. त्याच्या शेजारचं उघडलं. मंग पलीकडचं. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. विष पचवून जीव पुन्हा उमलतो, हे मी डोळ्यांनी पाहत होते आणि तरी खरं वाटत नव्हतं. अण्णांनी चिमटा मागितला. कण बराबर तोंडावर सोडला. मिशा हलल्या. कण आत गेला.

"जेवलं," अण्णा म्हणाले. "आता मला वाढ."