पल्याडचा काठ

बीडहून कुणी पाहुणा आला की विचारतो, "तात्या, तुमच्या तळ्यावर करण्यासारखं काय हाय?" मी म्हणतो, आधी बसा. माणूस बसला की एक किस्सा निघतो. मग त्याच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं तिसरा. पाण्यातून म्हशी निघतात तसं हाय ते. पहिली निघाली की बाकीच्यांना हाकावं लागत न्हाई!

मी बीडजवळच्या पालीचा. शाळेची पायरी कधी चढलो नाही. हे लिहिणं नातीचं, बोलणं तेवढं माझं. पोहायला मला म्हशींनी शिकवलं. शेपूट धरायचं आणि पाय मारायचे. एवढ्या शिक्षणावर मी पुढं बीडच्या कितीतरी माणसांना पाण्यात उतरवलं, ही आमचं तळं भरणाऱ्या बिंदुसरा नदीची कृपा.

ती वर्षं एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्यांची. घराघरावर केबलच्या वायरी आल्या, दुकानात शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. लोकांच्या हातात गाड्या आल्या आणि अंगाला पोटं आली. डॉक्टर सांगायचे, पोहा. मग उन्हाळ्याच्या सकाळी माणसं गाडीला किक मारून आमच्या तळ्यावर यायची. मी तिथं म्हशी धुवायचो. त्यांनाही धुतलं!

* * *

रोजचे तिघं होते.

एक महालिंगअप्पा. किराण्याचे मोठे व्यापारी. कपाळाला भस्म लावून पाण्यात उतरायचे आणि बाहेर आले की पुन्हा लावायचे. दुसरे बँकेतले कुलकर्णी साहेब. आणि तिसरा लतीफ मिस्त्री. त्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं.

लतीफचं काम काय, तर सगळ्यांना डबे करून द्यायचे. इंजिन ऑइलचा पाच लिटरचा पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, बुचाला रबराचा वायसर लावून ते घट्ट करायचं आणि डब्याला दोरी घालायची. असा डबा पाठीला बांधला की माणूस बुडत नाही. लतीफनं कितीतरी डबे केले. पण स्वतः तीन उन्हाळे काठावरच्या दगडावर बसून नुसते पाय धुतले!

अप्पा पाण्यातून ओरडायचे, "मिस्त्री, पाय स्वच्छ झाले बे! आता वरचा भाग घाल की!"

लतीफ हसायचा. उतरायचा मात्र नाही.

एक दिवस बाकीचे निघून गेल्यावर तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "तात्या, आमी मूळचे उमापूरचे. माझा धाकटा भाऊ तिथं हिरीत गेला. मी काठावर हुतो. मला पोहता येत नव्हतं."

मी म्हशीची पाठ घासत राहिलो. अशा वेळी हाताला काम असलेलं बरं.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "मला एकदा ह्या काठावरून त्या काठाला जायचं हाय. डब्याबिगर. एकदाच. मग पुन्ना न्हाई आलो तरी चालंल."

मी म्हटलं, "पुन्ना न्हाई आलास तर लोक मला धरतील बाबा!"

तेव्हा कुठं हसला. दुसऱ्या दिवशी पाठीला डबा बांधून गुडघ्याइतक्या पाण्यात उतरला. तिथंच अर्धा तास उभा राहिला. अप्पा म्हणाले, "मिस्त्री, गुडघ्यापर्यंत पास!"

* * *

कुलकर्णी साहेबांची तऱ्हा निराळी. त्यांनी पोहण्याचं इंग्रजी पुस्तक आणलं, चित्रांचं. पंधरा दिवस घरी पलंगावर पालथं पडून हात मारले, पाय मारले. त्यांच्या मंडळींनी शेजारणीला सांगितलं म्हणे, "साहेबांना कसला तरी झटका येतो."

सोळाव्या दिवशी साहेब तळ्यावर आले. डबा नको म्हणाले. "तात्या, थिअरी पूर्ण झालीय." आणि मारली उडी.

जे खाली गेले ते खालीच. मी दंड धरून वर काढले. पाणी ओकून झाल्यावर साहेब बराच वेळ विचार करत बसले.

लतीफनं अदबीनं विचारलं, "काय झालं साहेब? एखादं पान ऱ्हायलं का?"

साहेब म्हणाले, "न्हाई रे. पलंगाला तळ होता!"

* * *

आता शिकवण्यातली एक गंमत सांगतो. आमच्याकडं ही रीतच आहे. डबा बांधला की माणूस डब्याच्या भरवशावर राहतो. म्हणून चार-चार दिवसांनी, त्याला कळू न देता, मी बूच उघडून डब्यात गिलासभर पाणी ओतायचो. डबा तेवढा कमी उचलतो आणि माणूस तेवढा जास्त हात मारतो. डबा भरला की शिक्षण झालं.

अप्पांचा डबा असाच भरत आणला. एक दिवस त्यांनी तो सोडून खाली ठेवला तर आतून गदगद आवाज. उघडून बघतात तर तोंडापर्यंत पाणी!

अप्पा भडकले. "मिस्त्री! गळका डबा दिलास मला? जीव गेला असता की बे माझा!"

लतीफनं माझ्याकडं बघितलं. मी म्हशींकडं बघितलं. लतीफ खाली मान घालून म्हणाला, "चुकलं शेठ. नवा वायसर टाकतो."

त्या गरिबाला बोलणं बसलेलं मला बघवेना. मी म्हटलं, "शेठ, पाणी मी टाकलंय. चार दिवस झाले, तुमी भरल्या डब्यावर पोहायलात. म्हंजे तुमचे तुमीच पोहायलात."

 अप्पांनी एकदा डब्याकडं बघितलं, एकदा पाण्याकडं. मग म्हणाले, "अन् तरीबी एवढं वझं चार दिवस माझ्या पाठीवर कशाला ठिवलं?"

त्या दिवसापासून मला 'मास्तर' म्हणायला लागले. शाळा न बघितलेल्या माणसाला भर बाजारात 'मास्तर' म्हणून हाक मारायचे. मी इकडंतिकडं बघायचो, खरा मास्तर कोण आलाय म्हणून.

ही रीत सगळ्यांना लागू पडली, एका लतीफला सोडून. तो रोज डबा बांधायच्या आधी कानाला लावून हलवायचा. "तात्या, आज कुणीतरी गिलासभर टाकलंय." ओतून द्यायचा आणि पुन्हा बूच आवळायचा. ज्यानं डबा केला त्याला डब्यानं कसं फसवायचं? मला काही सुचेना. उन्हाळा संपला. मिस्त्री छातीभर पाण्यापर्यंत आला होता, पण डबा काही सुटला नव्हता.

* * *

पुढच्या चैत्रात अप्पांच्या पोरानं पुण्याहून रबराची हवा भरायची ट्यूब पाठवली. पिवळीजर्द, पुढं बदकाची मान. अप्पा म्हणाले, "पोहता येतंय, पण पोराचं मन मोडू कसं?"

फुगवायला लतीफचा गॅरेजातला पंप आणला. अप्पा बदकात बसले आणि निघाले दिमाखात. काठावर पिकनिकला आलेली माणसं उठून बघायला लागली.

तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि काठच्या बाभळी उघड्या पडतात. बदकाला काय माहीत! फुस्स झालं आणि बदकानं मान टाकली. अप्पा पोहत काठाला आले, गळ्यात ती पिवळी मान.

लतीफ म्हणाला, "शेठ, आणा इकडं. पंक्चर काढून देतो."

"ठिगळाचं बदक नको मला," अप्पा म्हणाले, "म्हशीच बऱ्या. त्यांना काटे कळतात!"

* * *

अप्पांच्या मंडळींना आम्ही काकू म्हणायचो. तीस वर्षांचा संसार, पण त्यांनी तळं बघितलेलं नव्हतं. एका रविवारी अप्पा त्यांना घेऊन आले. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. काकू लिंबाखाली बसल्या आणि अप्पा त्यांना पोहून दाखवायला लागले.

"बघायलीस का? हे बघ उताणं. हे बघ एका हातानं!"

काकू बघत होत्या. बघता बघता उठल्या. काष्टा घट्ट केला, पदर खोचला. मी "काकू, काकू" म्हणेपर्यंत दगडावरून सूर मारला. वर निघाल्या त्या अप्पांच्या पुढं दहा हात!

अप्पा पाणी तुडवत जागच्या जागी थांबले. "हे... हे कवा शिकलीस?"

"माझं माहेर गंगेच्या काठाला न्हाई का?" आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

"तीस वर्षांत बोलली न्हाईस ते!"

काकूंनी केस मागं सारले. "तुमी कवा इचारलं?"

लतीफ छातीभर पाण्यात उभा राहून हे सगळं बघत होता. हळूच मला म्हणाला, "तात्या, ह्या काकूंनाच माझे मास्तर करा. तुमी लई गरीब पडता."

* * *

तोपर्यंत ऑइलचे पत्र्याचे डबे येणं बंद होत आलं होतं. सगळं प्लास्टिकच्या कॅनमधून यायला लागलं. त्याचं झाकण दोन दिवसांत ढिलं पडायचं. जुने डबे गंजून गेले. शेवटी एकच धड राहिला, लतीफच्या पाठीवरचा.

अशात कुलकर्णी साहेबांचे मेहुणे परळीहून आले, तिथल्या विजेच्या थर्मलमध्ये नोकरीला. म्हणाले, "आमच्याकडं राख लई, पाणी बघायला मिळत न्हाई असं. मला उतरायचंय."

साहेब म्हणाले, "डबा नाही हो."

लतीफ तसाच पाण्यात उभा होता. त्यानं पाठीमागं हात नेला, गाठ सोडली आणि डबा पुढं केला. "घ्या दाजी."

मी म्हटलं, "आणि तू?"

"मी उभा ऱ्हातो. साहेबांचा पाव्हणा हाय तात्या. कोरडा कसा लावून द्यायचा?"

दोन उन्हाळे जो डबा सुटला नाही, तो पाहुणचारापायी एका क्षणात सुटला!

मेहुणे चार दिवस राहिले. पहिल्या दिवशी लतीफ नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उभं राहून थंडी वाजायली. जरा हात मारू का?" मी त्याच्या पोटाखाली तळवा धरला. तिसऱ्या दिवशीही धरला. चौथ्या दिवशी तिकडं मेहुण्यांची दोरी सुटली म्हणून मी गेलो. इकडं लतीफ डोळे मिटून हात मारतच होता.

"तात्या, सोडू नका बरं!"

मी लांबूनच म्हणालो, "न्हाई रे सोडत!"

आवाज लांबून आला आणि मिस्त्री बुडाला!

धडपडत उभा राहिला. नाकातोंडात पाणी. आधी मला दखनीत दोन शब्द ऐकवले, ते मी नातीला लिहू दिले नाहीत. मग तोंड पुसलं आणि म्हणाला, "पुन्ना."

* * *

वैशाख संपता संपता पाणी बरंच उतरलं. तळ्याचा एक फाटा आहे, तो तेव्हा अरुंद होतो. लतीफ म्हणाला, "तात्या, उद्या."

मी म्हटलं, "डबा संगं असू दे."

"न्हाई."

"मग मी संगं येतो."

"तुमी या."

सकाळी आम्ही दोघं पाण्यात शिरलो. अप्पा आणि साहेब हार, नारळ, पेढे घेऊन स्कूटरवर निघाले, धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून पल्याडच्या काठाला. काकूही बसल्या मागं. एका स्कूटरवर तिघं, मध्ये नारळ!

लतीफ पोहत होता. चेहरा पांढरा पडलेला. ओठ हलत होते, अल्लाचं नाव घेत असावा. मध्यावर मी विचारलं, "मिस्त्री, बरं हाय ना?" तो हात मारतच राहिला.  माझं वय साठीच्या पुढं गेलेलं, दम लागत होता. मी मनात म्हणत होतो, बाई बिंदुसरे, माझं राहू दे, पण ह्याला पोचव.

पल्याडच्या काठाला एक काळा दगड आहे. त्याच्याजवळ तिघं उभे होते. अप्पांचे हार धरलेले दोन्ही हात वर. "आला! आला! मिस्त्री आला!" कुलकर्णी साहेब टाळ्या वाजवत होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

लतीफनं हात लांब केला. दगडाला तळवा टेकवला. क्षणभर तसाच धरला.

आणि वळला! हाराकडं बघितलं नाही, पेढ्यांकडं बघितलं नाही. आल्या वाटेनं हात मारत परत निघाला.

मी तोवर चिखलात बसकण मारलेली. ओरडलो, "अरे मिस्त्री! टेक की जरा!"

तो न वळता ओरडला, "टेकलो तर भ्याव वाटंल, तात्या!"

माझ्यात उठायचं त्राण नव्हतं. तळ्याच्या मधोमध तो पहिल्यांदाच एकटा होता आणि आम्ही चौघं काठावरून नुसते बघत होतो. अप्पांचे हात हार धरून तसेच वर.  त्याचं डोकं बारीक बारीक होत गेलं. मग तिकडच्या दगडांवर एक माणूस उभा राहिलेला दिसला, तेव्हा काकूंनी श्वास सोडला.

आता परत जायचं कसं? स्कूटर एक, माणसं चार. काकू म्हणाल्या, "तुमी जा गाडीवर, मी पोहत येते." अप्पा नको म्हणेपर्यंत त्या पाण्यात. आणि मी, पालीच्या तळ्याचा मास्तर, ओल्या धोतरानं स्कूटरवर बसून, मांडीवर नारळ घेऊन, भिंतीवरून वळसा घालून परत आलो.

लतीफ शर्टाची बटणं लावत उभा होता. दात वाजत होते. मला बघून म्हणाला,

"काय तात्या, लई येळ लावला तुमी!"