तिने आणलेलं मडकं

नव्या मडक्यात पहिल्यांदा भात शिजला की ओल्या मातीचा वास सुटतो, आणि मला मूल गावापलीकडच्या जंगलातलं मैत्रिणीचं गाव आठवतं. मी शहरातल्या मुसलमान बांगडीवाल्याची मुलगी, ती गोंडाच्या घरची. समाजासमाजांत समानता वाढावी म्हणून कॉलेजने विद्यार्थ्यांच्या संशोधनाला बक्षीस ठेवलं होतं, आणि त्यासाठी आम्ही दोघी घरोघर एकच प्रश्न विचारत होतो: दुसऱ्या धर्माच्या पाहुण्यासाठी वेगळं भांडं ठेवता का? ‘हो’ म्हणणारं घर आमच्या लेखी नापास. शेवटी तिच्याच आईला विचारलं. चुलीतलं लाकूड मागे ओढत ती सहज म्हणाली, "हो, ठेवतो ना." मैत्रिणीची मान खाली गेली. अम्मीने वाटेत खायला दिलेला डबा मी पिशवीत उगाच चाचपला. तेवढ्यात आईने चुलीवरून एक कोरं मडकं उतरवलं. "आमच्या गंजात कधी कधी डुक्कर शिजते, बाई. तुले कसं चालन थे? म्हणून बाजारातून हे आणलं." मग पळसाच्या पानांवर तिने तिघींनाही त्याच मडक्यातला भात वाढला, आणि माझा डबा तसाच बंद राहिला. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. मैत्रिणीची आई आता थकली आहे, पण ते मडकं अजून तिच्या शिंक्यात आहे. नव्या सुनेने परवा माझ्यासमोरच त्याला हात घातला, तर म्हातारी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "थे राहू दे. माह्या पोरीचं आहे."